न लागलेला फोन

“गिळा बघू एकदा.”

नाव-गाव विचारण्याआधी मावशी हे म्हणायच्या. समोरचा माणूस आवंढा गिळायचा आणि त्या मान किंचित तिरकी करून त्याच्या गळ्याकडे बघत राहायच्या. थायरॉईडची गाठ असली तर गिळताना ती वर सरकते, एवढं त्यांना एका डॉक्टरांनी शिकवलं होतं. तेवढ्यावर त्यांनी लग्नातल्या विहिणी सोडल्या नाहीत, छावणीच्या बाजारातल्या भाजीवाल्या सोडल्या नाहीत. एकदा पैठणच्या एसटीत त्यांनी कंडक्टरलाच धरलं. तो म्हणाला, “मावशी, आधी तिकीट घ्या, मग काय गिळायचं ते सांगा.” सगळी बस हसली. मावशी हसल्या नाहीत. “सोमवारी दवाखान्यात ये बाबा,” म्हणाल्या. तो आलाही. गाठ साधी निघाली.

मी तेव्हा शहरातल्या एका रुग्णालयात संगणकावर नोंदी करायचो. शहराचं नाव अजून औरंगाबादच होतं. आमचे सर थायरॉईडच्या कॅन्सरचा अभ्यास करत होते. हा आजार खरंच वाढतोय, की सोनोग्राफी वाढली म्हणून जास्त सापडतोय? कुणाच्या मानेतच तो थांबतो आणि कुणाच्या फुप्फुसात, हाडात उतरतो? हे कळायचं तर ऑपरेशननंतर माणसाचं पुढं काय झालं, ते कळायला हवं. ती बातमी आणायचं काम मावशींचं. आधी फोन, तो लागला नाही तर गाव गाठायचं. पुंडलिकनगरात एकट्या राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाई. पिशवीत दोन भाकरी आणि आमची यादी घेऊन निघायच्या.

त्या यादीत एक मेंढपाळ बाई होती. तिशीतली. गाठ काढून झाली होती, पण उरलासुरला कॅन्सर जाळायला पुढं मुंबईला किरणोत्सारी आयोडीनचा डोस घ्यायचा होता. तारीख फोनवर कळवू, असं सांगून आम्ही तिला घरी पाठवलं. मग तिचा फोन कधी लागलाच नाही. गावी जावं तर कळप पुढं गेलेला. मावशी आठवडी बाजारांत उभ्या राहून मेंढरंवाल्यांना विचारायच्या. आज या शिवारात, उद्या त्या शिवारात. दोन वर्षं असंच चाललं.

सर म्हणाले, “किती थांबायचं? ‘संपर्क तुटला’ लिहा आणि पुढं चला.”

मावशी तिथंच उसळल्या. “तुटला म्हंजी काय, साहेब? ती हाय कुठंतरी. आपुनच नाय तिच्यापाशी.”

त्या गेल्यावर मी ते लिहून टाकलं. त्यांना सांगितलं नाही.

पुढच्याच महिन्यात त्यांना ती सापडली. पैठणच्या अलीकडं एका रानात, पालाखाली निजलेली. मेंढरामागं जाताना नुसता पाय मुरगळला आणि मांडीचं हाड मोडलं. नवऱ्यानं वैदूकडून बांबूच्या कामट्या बांधून घेतल्या होत्या. मावशी तिला जीपमध्ये आडवी घालून घेऊन आल्या. एक्स-रे काढले. आजार हाडात होता, फुप्फुसांतही पसरला होता.

नवरा वॉर्डाबाहेर उकिडवा बसला होता. मावशींनी त्याला विचारलं, “का रं बाबा, आला नाय परत?”

त्यानं मुंडाशातनं जुना फोन काढला. “तुमी म्हनले व्हते, फोन करू. ह्यो एकदाबी बंद ठिवला नाय, बाई. चार्जिंगसाठी लोकांच्या वस्तीवर जायाचो. लई वाट पाह्यली.”

मावशींनी फोनवरचा नंबर बघितला. कपाटातून तिची कागदी फाईल काढली. मग आमची छापील यादी. फाईलवरच्या नंबरात शेवटचा आकडा एक होता, यादीत सात. यादीतले सगळे नंबर मी टाइप केले होते.

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बाहेर जाऊन त्या नवऱ्यापुढं फरशीवर बसल्या. “चूक आमची हाय,” म्हणाल्या. “नंबर आमच्याकडनं चुकला. तुझी नाय, तिचीबी नाय.”

तो शिव्या देईल असं मला वाटलं. त्यानं फक्त विचारलं, “मग आता तारीख कधीची?”

मावशी उठल्या आणि तडक सरांकडं गेल्या.

त्यांनी सरांच्या मागं लागून मुंबईची तारीख मिळवली. तारखेच्या आधीच ती बाई गेली. शेवटी तिला धाप लागायची, तेव्हा मावशी तिच्या पाठीशी उशीसारख्या बसून राहायच्या. नंतर अभ्यास पूर्ण झाला. सरांनी तो परिषदेत वाचला, टाळ्या पडल्या. मावशींनी कामावर यायचं बंद केलं.

पुंडलिकनगरातल्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, भावाकडं गेल्यात, गावी. मी एसटीनं गेलो. त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. फार वाळल्या होत्या.

“मावशी, तो आकडा माझ्या हातचा.”

“ठाव हाय मला.”

“तुम्ही मला बोलला का नाहीत?”

“बोलून काय व्हनार व्हतं?” शेंगा खाली ठेवून त्या म्हणाल्या, “तुझ्यावर राग नाय, बाबा. पर मी दोन वर्सं गावोगाव हिंडले आन् ती फाईल कपाटातनं काढून एकदाबी बघितली नाय. ते काय तुझ्या हातचं व्हतं?”

मी खालची एक शेंग उचलून सोलायला लागलो. “चहा ठिवते,” म्हणून त्या आत गेल्या.

चहा घेऊन त्यांची भावजय बाहेर आली. मी पिऊन कप खाली ठेवला. परतीच्या एसटीची वेळ होईपर्यंत दाराकडं बघत बसलो. मावशी पुन्हा बाहेर आल्या नाहीत.