गवताच्या चित्रातलं ऊन

धाकटा नातू त्या दिवशी झोपला होता, म्हणून या पत्रात तुम्हा सगळ्यांना सगळं पहिल्यापासून सांगते.

तुम्ही पोलंडहून पाठवलेलं कॅलेंडर परळच्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात ओट्यासमोर लावलं आहे. बारा महिन्यांची बारा निसर्गचित्रं, सगळी तिथल्या जुन्या चित्रकारांची. जूनच्या पानावर सपाट कुरण आहे. डोंगर नावालाही नाही, अर्ध्याहून जास्त आकाशच. डोक्याला पांढरे रुमाल बांधलेल्या अनवाणी बायका दाताळ्यांनी वाळलेलं गवत ओढून ढीग रचताहेत. पिवळं, तिरपं ऊन त्यांच्या पाठींवर पडलं आहे आणि पुढे एक मातीचा घडा आडवा पडला आहे.

थोरलीला या चित्रावर तिथल्या नव्या शाळेत पहिल्यांदाच वर्गासमोर बोलायचं होतं. इंग्रजीत लिहून दे, म्हणाली. मी पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई. समास सोडून, मुद्दे पाडून दोन पानं लिहिली आणि संध्याकाळी फोटो काढून पाठवली. पहिलंच वाक्य होतं, ‘ही गावातली प्रसन्न सकाळ आहे.’

दुसऱ्या दिवशी साडेनवाच्या सुमारास शेजारच्या वहिनी कोथिंबीर मागायला आल्या. त्यांचं लहानपण कोकणात गेलं; लग्न होऊन लालबागच्या चाळीत आल्या, त्यांचे यजमान गिरणीत होते. मी मोठ्या हौसेने त्यांना चित्र दाखवलं.

“सकाळ किती सुंदर काढलीय बघा.”

वहिनींनी चष्मा वर केला. “सकाळचां? कोण सांगता?”

“मी सांगते. सूर्य खाली आहे, सावल्या लांब आहेत.”

“सूर्य संध्याकाळी पण खालीच असता, बाई. सकाळी गवतावर दव. ओला गवत रचून ठेवलां तर भितर कुजतलां. सकाळी कापूचां, दिवसभर उन्हात पसरूचां आणि उतरत्या उन्हाक रचूचां. आणि तो घडो बघा. पाणी सपलां म्हणान आडवो टाकलो हा. सकाळी कोण रिकामो घडो घेऊन शेतात जाता?”

मी घड्याकडे बघत राहिले. त्याच्याबद्दल मी ‘खेड्यातील साधेपणाचे प्रतीक’ असं लिहिलं होतं.

माझी चूक कुठे झाली, ते लगेच लक्षात आलं. लहानपणी गिरगावात आमच्या खोलीला एकच खिडकी, पूर्वेची. तिरपं पिवळं ऊन आत यायचं ते सकाळीच, दुधाच्या वेळेला. दुपारनंतर समोरच्या इमारतीची सावली. तसं ऊन दिसलं की माझ्या डोक्यात दुधाचं पातेलं चढतं.

साडेदहा झाले होते, म्हणजे तुमच्याकडे सात. थोरलीचं बोलणं पहिल्याच तासाला होतं. मी फोन लावला.

“आजी, मी दात घासतेय.”

“घास, पण ऐक. पहिलं वाक्य बदल. सकाळ नाही, संध्याकाळ आहे.”

“आता? मी सगळं पाठ केलंय.” मग म्हणाली, “मला पण संध्याकाळच वाटली होती. इथे रात्रीचं जेवताना असंच ऊन येतं ना टेबलावर. पण तू सकाळ लिहिलंस, मग मला वाटलं तुलाच बरोबर माहीत असणार.”

मुलांनी डोळ्यांनी बघावं म्हणून मी वर्गात घसा फोडला, आणि माझ्याच नातीने माझं ऐकून स्वतःचे डोळे बाजूला ठेवले होते.

“माझी पानं वर्गात नेऊच नकोस,” मी म्हटलं. “तुला दिसतं ते सांग.”

“कागद न घेता?”

वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला. “बाळा, घाबरू नको. दवाचां सांग, घड्याचां सांग. आणि कोण काय बोललां तर माझ्याकडे पाठव.”

दुपारी थोरलीचा फोन आला. आधी अडखळले, म्हणाली, पण घड्यापाशी आल्यावर नीट बोलता आलं. वर्गातल्या एका मुलीची आजी गावी अजून गवत वाळवते. ती मुलगी म्हणाली, अगदी बरोबर, संध्याकाळीच रचतात. मधल्या सुट्टीत त्या मुलीने तिला आपल्या बाकावर बोलावलं.

माझी दोन पानं मी तांबड्या पेनाने तपासली आणि दहापैकी तीन गुण दिले, तेही अक्षराला.

वहिनींना सगळं सांगितलं तेव्हा त्या पुन्हा चित्रासमोर उभ्या राहिल्या. “ता सगळां ठीक,” म्हणाल्या. “पण ह्या सगळ्याजणी हय शेतात. मग घराक चूल कोण पेटवता? तेवढां विचार नातीक.”

थोरले, तेवढं त्या मुलीच्या आजीला विचारून कळव.