ताईंना न मिळालेला पुरस्कार

डॉ. शैलजा निघोजकर यांची माझी पहिली ओळख धारच्या गणेशोत्सवात झाली. त्या तेव्हा आफ्रिकेतून नुकत्याच परतल्या होत्या आणि आमच्या मंडळानं त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं. मानववंशशास्त्र म्हणजे काय, हे मंडळातल्या कुणालाच धड ठाऊक नव्हतं. पण देवासच्या निघोजकरांची मुलगी टांझानियातल्या डोंगरातल्या एका खेड्यात दोन वर्षं एकटी राहून आली, एवढ्यावरच सभागृह भरलं. व्याख्यान संपल्यावर पहिला प्रश्न आला, "सिंह दिसला का?" ताई म्हणाल्या, "एकदाही नाही. तिथला पटवारी मात्र रोज दिसायचा." लोक हसले. मी तेव्हा एम.ए.ला होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. मी उठून विचारलं, "तिथं जेवणावळीत कोण कुणाच्या आधी बसतं?" ताईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "हे मी नीट पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही याल का पाहायला?" भर सभेत एखादा विद्वान असं कबूल करतो, हे मला नवीन होतं.

पुढे ताई धारच्या आमच्या महाविद्यालयात शिकवायला आल्या आणि मी त्यांचा संशोधक विद्यार्थी झालो. आठवडाभर धारला एका खोलीत राहायचं आणि शनिवारी इंदूरला बस बदलून देवासला घरी जायचं, हा त्यांचा क्रम सत्तावीस वर्षं चालला. शिकवण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती. नव्या विद्यार्थ्यांना त्या गंधवानीच्या हाटात, म्हणजे आदिवासींच्या आठवडी बाजारात न्यायच्या आणि एक तास कुणाला काहीही न विचारता नुसतं पाहायला लावायच्या. एकदा एकानं वहीत आदिवासी बायांबद्दल 'भोळ्या आणि समाधानी' असं लिहून आणलं. ताईंनी विचारलं, "हे तुम्हाला हाटात दिसलं, की जाताना घरून नेलं होतं?" तो बिचारा दोन दिवस त्यांच्यासमोर आला नाही.

जिभेला अशी धार असली, तरी माणूस अडला की ताईच आधी उठायच्या. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा माझे सगळे तास त्यांनी घेतले. प्राचार्यांना सांगितलं नाही, मलाही नाही. महिन्यानं परत आलो तेव्हा मुलं म्हणाली, "सर, वो मॅडम तो आपसे आगे तक पढ़ा गईं." मी आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "आभार राहू दे. तुझ्या टिपणांत चुका फार आहेत." हे त्यांचं वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

आता मुद्द्यावर येतो. ताईंना या मार्गशीर्षात पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या संपादकांचा मला देवासहून फोन आला. "भिया, तुम्ही पुरस्कारांवर लिहा. आफ्रिकेच्या अभ्यासाचा तो इंटरनॅशनल अवॉर्ड आहे ना, तो मस्त रंगवा." समारंभाच्या पत्रिकेतही ताईंच्या नावामागे 'आंतरराष्ट्रीय पुरस्कारविजेत्या' असं छापून आलं आहे. हौस समजू शकतो, पण खोटं ते खोटंच. तो पुरस्कार ताईंना मिळाला नाही. मिळणार होता. का मिळाला नाही, याबद्दल धार आणि देवासमध्ये आजही जे बोललं जातं, तेही खोटं आहे. खरं काय ते सांगणारी इथं दोनच माणसं आहेत. एक ताई, आणि त्या सांगणार नाहीत. दुसरा मी.

सुमारे अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ताईंचं त्या टांझानियातल्या गावावरचं पुस्तक परदेशात प्रसिद्ध झालं आणि आफ्रिकेतल्या मानववंशशास्त्रावरच्या उत्कृष्ट ग्रंथाला जो पुरस्कार एक विद्वत्सभा देते, त्यासाठी त्याची निवड झाली. पुस्तकातलं सर्वांत वाखाणलं गेलेलं प्रकरण 'मामा' या नात्यावर होतं. एके काळी त्या समाजात आईच्या भावाचा मोठा मान असे. आता तो लयाला गेला आहे, असा त्याचा निष्कर्ष. पुरावा काय, तर बारशाच्या जेवणावळीत मामाला सर्वांत शेवटी वाढलं जातं. ती जेवणावळ मी पाहिली होती. ताईंच्या दुसऱ्या दौऱ्यात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो आणि कोण केव्हा बसलं, कुणाला काय वाढलं, याची बारीक नोंद मीच केली होती. नोंद खरीच होती. तिच्याखाली मी एक वाक्य लिहिलं होतं, 'मामाचा स्पष्ट अपमान'. आमच्या घरांत मामाला शेवटच्या पंगतीला बसवून तर बघा! पुढची दोन लग्नं तो फिरकणार नाही. ताईंनी माझ्या त्या वाक्यावर विश्वास ठेवला आणि अख्खं प्रकरण त्यावर उभं केलं.

निवडीची बातमी आली आणि देवासला उधाण आलं. पेपरात फोटो आला. मराठी समाजानं सत्काराचं ठरवलं, शाल कोणत्या रंगाची यावर वाद झाले. त्याच सुमारास त्या गावचे शाळामास्तर, जोसेफ, पत्नीच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी ताईंच्याच ओळखीनं इंदूरला आले. ताई ज्या घरी राहिल्या होत्या, त्या घरच्या बाईचे ते सख्खे भाऊ. शस्त्रक्रिया नीट पार पडली आणि एका रविवारी ताईंनी त्यांना देवासला जेवायला बोलावलं. वाढायला मदत म्हणून मी होतो.

ताईंनी आपल्या रीतीनं सगळं केलं. पाट, रांगोळी, उदबत्ती, पुरणपोळी, वर तुपाची धार. पाहुण्यांना पहिल्या पाटावर बसवलं आणि आम्ही दोघं वाढायला उभे राहिलो. मास्तरांनी ताटाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसले. ताईंनी त्यांच्या भाषेत विचारलं, काही चुकलं का? पुढचं बोलणं त्या मला मराठीत सांगत होत्या.

"माझं काही चुकलं का, ते तुम्ही सांगा," मास्तर म्हणाले. "आमच्याकडे पोरांना आणि वाटेच्या परक्या माणसाला आधी वाढतात. मी यांतला कोण?"

"तुम्ही घरचे," ताई म्हणाल्या.

"मग घरचा माणूस आधी कसा जेवेल? अन्न सगळ्यांना पुरलं की नाही, हे कोण बघणार? बहिणीच्या मुलाच्या बारशाला मी सगळ्यांत शेवटी जेवलो. मी मामा. मी जेवल्याशिवाय हंडा उचलायची कुणाची छाती नव्हती. तुम्ही दोघं होतात की तिथं!"

ताईंनी हातातली तुपाची वाटी खाली ठेवली. अपमान झाला म्हणून मी ज्याची नोंद केली, तो मामा समोर पाटावर बसला होता आणि तो त्या मांडवातला सर्वांत मोठा माणूस होता. ताई आत गेल्या, पुस्तक घेऊन आल्या आणि ते पान त्यांनी मास्तरांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवलं. मला वाटलं, आता माणूस उठून जाणार. मास्तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "हे माझ्या मेहुण्याला वाचून दाखवू नका," म्हणाले. "फार खूश होईल तो." मग मला आधी वाढण्यात आलं आणि ते दोघं नंतर जेवले.

मास्तर इंदूरला परतल्यावर ताई कागद घेऊन बसल्या. मी विचारलं, काय लिहिताय? "पुरस्कार समितीला कळवते. चौथं प्रकरण चुकीचं आहे, त्यावर हे पुस्तक गौरवू नये." मी हादरलो. म्हटलं, ताई, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. कुणाला कळणार आहे? त्या म्हणाल्या, "मला कळलंय ना." मग मी म्हटलं, निदान नोंद माझी होती हे तरी लिहा. त्यावर त्यांनी मान वर केली. "पुढच्या महिन्यात तुझी प्राध्यापकपदाची मुलाखत आहे. गप्प बस." त्यांनी लिहिलं, निरीक्षण माझं, चूक माझी. ते पत्र पोस्टात मीच टाकलं.

समितीचं सौजन्यपूर्ण उत्तर आलं. पुरस्कार दुसऱ्या ग्रंथाला गेला. इकडे सत्कार रद्द झाला आणि कुजबुज सुरू झाली. "कहीं से नकल मारी होगी," असं एक सहकारी माझ्यासमोर म्हणाले, आणि मी चहा पीत राहिलो. ताईंच्या कानावर हे सगळं येत होतं. त्यांनी एका शब्दानंही खुलासा केला नाही, कारण खुलासा केला तर 'ती नोंद कुणाची?' असं इथं कुणीतरी विचारलंच असतं आणि माझं नाव घ्यावं लागलं असतं. त्या पुन्हा त्या गावी गेल्या, सात वर्षं खपून दुसरं पुस्तक लिहिलं आणि त्यातलं प्रत्येक प्रकरण छापण्याआधी गावात बसून वाचून दाखवलं. आज आफ्रिकेचा अभ्यास करणारे ते दुसरं पुस्तक प्रमाण मानतात. त्याला कुठलाही पुरस्कार नाही.

माझी मुलाखत झाली, पद मिळालं. आता बोलायला हरकत नव्हती. तरी मी बोललो नाही. याला ताईंची आज्ञा कारण नव्हती. मी भित्रा होतो, एवढंच. पुढे विभागप्रमुख झालो, निवृत्त झालो, पेन्शन सुरू झाली आणि तोंडाला लावलेलं कुलूप तसंच राहिलं. एकदाच, निवृत्तीच्या दिवशी, मी त्यांना विचारलं, माझी चूक तुम्ही अंगावर का घेतलीत? त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुझ्या शेजारीच बसले होते, वामन. मलाही तेच दिसलं." मला त्या रात्री झोप लागली नाही, असं काही लिहिणार नाही. झोप लागली. पण ते उत्तर मी एक दिवसही विसरलो नाही.

तेव्हा या ग्रंथाच्या वाचकांना, विशेषतः धार-देवासच्या मंडळींना, हात जोडून सांगतो. डॉ. शैलजा निघोजकर यांनी कुणाचीही नक्कल केली नाही. ती चुकीची नोंद मी, वामन केशव तळणीकर, मुक्काम धार, यानं केली होती. संपादकांनी यातली एक ओळही गाळू नये. पत्रिकेत दुरुस्ती करता आली, तर तीही करावी.

ताई, हा मजकूर तुम्हाला न विचारता छापायला देतो आहे. तुम्ही रागावणार, हे ठाऊक आहे. आपणांस उत्तम प्रकृती आणि उदंड आयुष्य लाभो. मी अठरा वर्षं गप्प राहिलो. निदान तेवढी वर्षं तरी मला रागवायला आपण हव्यात.