जोडीनं जा

आमच्या इस्पितळाच्या धुलाई विभागात जिचा सगळ्यांना धाक होता, तिला समोर आम्ही मावशी म्हणायचो आणि पाठीमागे तोफ. चादर ओलसर निघाली की ती धडाडायची, उशीची खोळ उलटी निघाली की धडाडायची, आणि कोणी चुकून लवकर आलं तर "घरात करमत नाही का?" म्हणून तेव्हाही.

तिचा एक नियम मात्र आम्हाला भारी झोंबायचा. धुतलेल्या चादरी तळघरातल्या कोठीत ठेवायला एकटीने जायचं नाही. "जोडीनं जा. एकेकटीला सोडलं तर निम्म्या चादरी तुमच्या घरी जातील." आम्हाला चोर म्हणते म्हणून आम्ही तिच्या नावाने बोटं मोडायचो. जायचो मात्र जोडीनेच. तोफेच्या तोंडी कोण लागणार?

मग तिच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि ती रजेवर गेली. बदलीवर आलेल्या बाईने गडबडीत मला एकटीला खाली पाठवलं. कोठी ज्याच्या ताब्यात होती, त्या साहेबाने दार लावून घेतलं आणि माझ्यावर जबरदस्ती केली. बाकीचं सगळं मी कोर्टात सांगितलंय. पुन्हा सांगणार नाही.

फौजदारी खटल्यात तो पुराव्याअभावी सुटला. मी अंथरूणच धरलं. तेव्हा माझ्या वकीलबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, दिवाणी दावा लावू, त्याच्यावर आणि इस्पितळावरही. तिथे आपलं म्हणणं जास्त पटण्याजोगं ठरलं तरी पुरे. पण इस्पितळाला जबाबदार धरायचं, तर हा माणूस कसा आहे हे त्यांना आधीपासून माहीत होतं, एवढं दाखवायला हवं होतं. इस्पितळ कानांवर हात ठेवून बसलेलं. आम्हाला कल्पनाच नव्हती म्हणे!

आणि इस्पितळाने आपल्या बाजूने साक्षीला आणलं कोणाला, तर तोफेला. ती अजून त्यांच्याच नोकरीत होती, आणि तिच्या घरात कमावणारी ती एकटीच.

त्यांच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "चोऱ्या होऊ नयेत म्हणून तुम्ही मुलींना जोडीनं पाठवत होता, बरोबर?"

"मुलींना तसं सांगत होते."

"म्हणजे बरोबर."

"बरोबर कसं? खोटं सांगत होते मी."

वकील खाली बसायला निघाला होता, तो तसाच अर्धवट वाकून राहिला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "मग खरं कारण काय होतं?"

मावशीने कठडा घट्ट धरला. "तो माणूस. आधीच्या एका पोरीला त्यानं कोठीत धरलं होतं. ती नोकरी सोडून गेली. मी वर मोठ्या साहेबांकडे गेले, तर म्हणाले, बोभाटा नको, तुमच्या पातळीवर बघून घ्या. मग घेतलं बघून. दोघी असल्या की त्याची हिंमत व्हायची नाही. मी स्वतःसुद्धा तिथं कधी एकटी गेले नाही." मग माझ्याकडे वळून, मी कधीच न ऐकलेल्या बारीक आवाजात म्हणाली, "बदलीवालीला तेवढं सांगायचं राहिलं गं, पोरी."

मी तिथेच ढसाढसा रडले. दावा आम्ही जिंकलो. माझ्यावर अत्याचार झाला आणि इस्पितळाला धोका माहीत होता, हे निकालात स्पष्ट लिहिलेलं होतं. तेवढं मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. कोठीवाल्या साहेबाची नोकरी गेली. तोफेची रवानगी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात भांड्यांवर झाली, आणि तिथेही ती धडाडत राहिली. तिचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत.

मी नोकरी सोडली नाही. का सोडू? निवृत्तीच्या दिवशी मावशी आमच्या विभागात आली आणि म्हणाली, "कोठी दाखव." कोठीच्या दाराला आता मोठी काच आहे. सवयीने मी तिच्यामागे आत निघाले, तर तिने हात आडवा केला.

"थांब. एकटी जाते."

मी काचेतून बघत राहिले. ती फळ्यांना हात लावत शेवटपर्यंत गेली, जरा वेळ तिथेच उभी राहिली आणि एक चादर घेऊन तरातरा बाहेर आली.

"ही घडी कोणी घातली? धर!"

आम्ही दोघींनी चादर ताणली, टोकाला टोक जुळवत जवळ आलो. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही नसता तर..."

"टोक नीट धर," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.