सलाउद्दीन आणि चौथं चाक

सलाउद्दीन पहिल्यांदा आमच्या सोसायटीत आला तेव्हा मी त्याला गेटवरूनच परत पाठवत होतो. मी इथला सेक्रेटरी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला हुकूम सोडायला काहीतरी लागतंच, तशी मला इंदिरानगरातली ही सोळा फ्लॅटची इमारत मिळाली आहे. स्कूटरला बादली अडकवून कुणी अनोळखी माणूस आत शिरतो म्हणजे काय? पण तिसऱ्या मजल्यावरून किशोर आहेर ओरडला, "भाऊ, सोडा त्याला. माझ्या चाकांसाठी आलाय तो."

चाकांसाठी वेगळा माणूस! मला हसू आलं. किशोरची गाडी वीस वर्षं जुनी, पांढरी, दाराला पोचे आलेली. चाकं मात्र क्रोमची, आरशासारखी. त्यात वाकून भांग पाडावा अशी. पुढे कळलं की ती चारही चाकं सलाउद्दीननंच क्रोम केली होती. अंबडला किशोर ज्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होता, त्याच्या शेजारच्या शेडमध्ये सलाउद्दीन वीस वर्षं क्रोमचा मुलामा चढवायच्या टाकीवर उभा राहिला. शेड बंद पडायच्या आदल्या महिन्यात त्यानं दोस्तासाठी हे काम केलं. त्याच्या हातचं ते शेवटचं क्रोम.

त्या टाकीनं त्याला काय दिलं ते त्याच्या हातांवर दिसायचं. बोटांच्या सांध्यांवर मुगाएवढे खड्डे. नाकातल्या पडद्याला वाफेनं भोक पडलेलं, त्यामुळे वास कशाचाच येत नसे. "चाकाला पडतात ना खड्डे, साहब, ते मला आधी पडले," असं तो हसत सांगायचा. मला ते हसणं आवडायचं नाही.

दर पंधरा दिवसांनी तो यायचा. चाक गार असलं पाहिजे, ऊन अंगावर नको. साधं साबणाचं पाणी, मऊ फडकं, आणि चाकाचं फडकं बॉडीला लावायचं नाही. मग कोरडं पुसायचं, नटांच्या खाचांत काडीला कापूस गुंडाळून. शेवटी मेणाचा हलका हात. मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, बाथरूमचं ॲसिड मारा, दोन मिनिटांत लखलखेल. त्यानं कानाला हात लावले. "क्रोम कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ असतं. त्याखाली निकल, त्याखाली लोखंड. सुईच्या टोकाएवढं भोक पडू द्या, पाणी आत जातं आणि लोखंड आतून वर येतं. मग माझा बापसुद्धा काही करू शकत नाही."

त्याचा सगळ्यात मोठा वैरी होता दसरा. किशोर गाडीची पूजा दणक्यात करायचा. चाकाखाली लिंबू, चाकावर नारळाचं पाणी, आणि ओल्या हळदीकुंकवाचे पट्टे. पूजेचं म्हणून आपण ते तसंच ठेवतो, आणि ते क्रोम खात बसतं. म्हणून दसऱ्यानंतर आठवड्याभरात सलाउद्दीन हजर. कुंकू 'पुसतो' असं मात्र तो कधी म्हणाला नाही. 'उतरवतो' म्हणायचा. एवढी समज आमच्यातल्या कितीजणांना असते?

दोन वर्षांपूर्वी दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी किशोर गेला. कारखान्यातच, छातीत कळ येऊन. वय अठ्ठावन्न. सलाउद्दीनला कुणी कळवलंच नाही. ते काम माझं होतं, पण माझ्या डोक्यात आलं नाही. तो नेहमीसारखा आठव्या दिवशी आला, बादली भरली आणि कामाला बसला. तीन चाकांवरचं कुंकू उतरवून झालं आणि चौथ्याकडे सरकला, तेव्हा जिन्यातून सवितावहिनी, किशोरच्या पत्नी, धावत आल्या. अनवाणी.

"हात लावू नका! त्यांची बोटं आहेत ती!"

तेव्हा मी नीट पाहिलं. चाकावर कुंकवाचे तीन पट्टे होते, दोन लांब आणि मधला आखूड. किशोरचं मधलं बोट प्रेसखाली अर्धं गेलं होतं. तसे पट्टे जगात दुसरं कुणी ओढू शकलं नसतं. सलाउद्दीननं ओलं फडकं खाली ठेवलं आणि तिथेच फरशीवर बसून लहान मुलासारखा रडला. दोस्त गेला हे त्याला तेव्हा कळलं, आणि त्याच्या बारा खुणांपैकी नऊ आपणच नाहीशा केल्या हेही.

त्यानंतर त्यानं त्या चौथ्या चाकाची जी सेवा केली तशी माणूस माणसाची करत नाही. आता दर आठवड्याला यायचा. पट्ट्यांना धक्का न लावता, कडेकडेनं कापसाच्या काडीनं मेण भरायचा, म्हणजे बाजूनं ओल शिरू नये. वहिनींना त्यानं खरं ते सांगितलं होतं. "भाभी, कुंकवाच्या खाली काय चाललंय ते मला दिसत नाही. पण कोरडं राहिलं तर दोन-तीन वर्षं काढेल." वहिनी म्हणाल्या, "तेवढी पुरेत." रोज सकाळी त्या खाली येऊन चाकासमोर घटकाभर उभ्या राहायच्या. मग वर जायच्या.

मी एकदा त्याला म्हटलं, एवढं कशाला करता? त्यानं काडीला कापूस गुंडाळला. मग म्हणाला, "शहनाज गेली तेव्हा माझी मुलगी तिची ओढणी घेऊन बसायची. म्हणायची, अब्बा, अम्मीचा वास येतोय अजून. मीपण नाकाला लावायचो ती ओढणी. मला काहीच यायचं नाही, साहब. भाभींकडे आहे काहीतरी. ते राहायला पाहिजे." शहनाज त्याची बायको. मी चष्मा पुसत बसलो.

मग आला जुलै. त्याच्या मुलीचं, रुखसारचं, मालेगावला बाळंतपण होतं. आई नाही, म्हणून बापच निघाला चाळीस दिवसांसाठी. जाताना मला बजावून गेला, "साहब, गाडी उघडीच राहू द्या. हवा खेळू द्या. झाकून कोंडू नका."

हे मी ऐकलं होतं. आठ दिवस पावसानं झोडपलं, पार्किंगमध्ये बाजूनं तुषार यायला लागले, आणि माझ्यातला सेक्रेटरी जागा झाला. उघडी ठेवा म्हणे! निफाडला माझा भाचा राकेश द्राक्षबाग करतो. बागेवर पांघरलेला जुना प्लास्टिकचा कागद त्याच्याकडे पडून होता, तो मागवला. त्यावर निळे-पिवळे डाग होते, वासही होता. या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला त्या वासाचं काही वाटत नाही. द्राक्षावर फवारायचं गंधक आणि मोरचूद लहानपणापासून आमच्या नाकात आहेत. मी गाडी जमिनीपर्यंत गुंडाळली, सुतळीनं करकचून बांधली. वहिनी वरून पाहत होत्या. खाली आल्या, हात जोडून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही आहात म्हणून." मला फार बरं वाटलं. तेच आज सगळ्यात जास्त टोचतं.

चाळीस दिवसांनी सलाउद्दीन नातवाच्या नावाचे पेढे घेऊन आला. गाडी पाहून पेढ्यांचा पुडा त्यानं माझ्या हातात दिला आणि सुतळी कापली. कागद काढला. आतून गरम, दमट वाफ आली. तीन चाकांवर मिरीएवढे खड्डे पडले होते. चौथ्यावर कुंकवाच्या जागी क्रोम फुगून सुटलं होतं. त्यानं श्वास रोखून जवळ तोंड नेलं, तेवढ्यानं एक पापुद्रा गळून खाली पडला. खाली राहिला नुसता तांबडा गंज. लांब पट्टा, आखूड पट्टा, काही म्हणता काही नाही.

त्यानं कागदावरून बोट फिरवलं. बोटाला निळं लागलं. सवयीनं ते नाकाशी नेलं आणि खाली घेतलं. "बागेचा?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. "दवाई असते त्याच्यावर, धातू खाते ती," तो हळूच म्हणाला. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

वहिनी आल्या. चाकाकडे पाहिलं. तोंड उघडायला हवं होतं ते मी. मी पेढ्यांचा पुडा धरून उभा होतो.

सलाउद्दीन म्हणाला, "भाभी, माझी चूक झाली. जाताना मेण लावलं ते खराब निघालं. त्यानं खाल्लं."

वहिनी ओरडल्या नाहीत. तसं झालं असतं तर बरं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तीन तुम्हीच घालवली होती, भाई. आता हेही. परत येऊ नका."

मी गेटपर्यंत त्याच्यामागे गेलो. विचारलं, असं का केलंत? तो बादली स्कूटरला अडकवत होता. "तुम्हाला इथंच राहायचंय, साहब. एकाच जिन्यानं चढायचं-उतरायचं. भाभींना अडल्या-नडल्याला माणूस लागणार, तो तुम्हीच. मी तर बाहेरचा." मग म्हणाला, "तो कागद फेकून द्या. मुलं खेळतील त्याच्याशी."

मी ठरवलं होतं, वहिनींना सांगायचं. गणपतीत सांगू म्हटलं, मग दिवाळीत. त्या मला भाऊबीजेला ओवाळतात. ताटासमोर बसून कसं सांगायचं? संक्रांत गेली. फेब्रुवारीत त्याच्या ओळखीच्या, मुंबई नाक्याच्या टायरवाल्यानं सांगितलं की सलाउद्दीन गेला. छातीचंच दुखणं, बरेच दिवस अंगावर काढलं होतं.

संध्याकाळी वहिनींना बातमी दिली. त्या पोळ्या करत होत्या. त्यांनी गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "माणूस वाईट नव्हता, भाऊ. पण ते एक चाक त्यानं घालवलं. ते मला विसरता येत नाही."

मी "हो" म्हणालो.