मोहाजवळचे वळण

३ मार्च २०१९, रविवार.
सकाळी नदीघाटावर नव्या पायवाटेचे उद्घाटन झाले. चहा आणि आलूपोहा होता. भाषणे लांबली. काठी घेऊन कोठीच्या बागेपर्यंत चालले. मोहाच्या झाडाशी तुलाराम भेटला. परत येताना ऑटो केला. दुपारी झोप नाही.

एवढे लिहून शकुनबाई लांजेवार थांबल्या. पेनाला टोपण लावले, पुन्हा काढले. एरवी त्यांची दिवसाची नोंद एका दमात उरकत असे. तुमसरच्या भातगिरणीवाल्या बापाने पोरीला हौसेने नागपूरच्या कॉन्व्हेंटात ठेवले होते. तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टरने तिला रोजनिशीची सवय लावली. 'घडलं ते वहीत लिहायचं, वाटलं ते देवाला सांगायचं,' असा सिस्टरचा नियम. देवाशी शकुनबाईंचे फारसे बोलणे नव्हते, पण नियमाचा अर्धा भाग त्यांनी जन्मभर पाळला.

लग्न होऊन त्या भंडाऱ्याला आल्या तेव्हा यादोराव जवाहरनगरच्या फॅक्टरीत कारकून होते. पहाटे फॅक्टरीची बस, संध्याकाळी फॅक्टरीची बस, मधल्या वेळात सासू. सासू शेजारणींना सांगायची, "आमची सून इंग्रजीत भात शिजवते वो. म्हणून तर कच्चा राह्यते." शकुनबाई हसून घेत. सासू तोंडाची तिखट होती, पण सुनेच्या बाळंतपणात तिने रात्री जागून काढल्या. मुलगी झाली. तिचे नाव कुंदा ठेवले.

कुंदा पाच महिन्यांची असताना पौषात तिला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. दात यायचे होते.

दात न आलेले लेकरू त्या घरात जाळत नसत, पुरत. बाप घेऊन जाई. आई उंबऱ्याबाहेर पडत नसे, आणि जागा तिला कधी सांगत नसत. वर दगड ठेवायचा नाही, खूण करायची नाही. आईला जागा कळली की तिचा जीव तिथे जाऊन बसतो आणि कूस पुन्हा उघडत नाही, असे म्हणत. यादोरावांनी गाठोडे छातीशी धरले आणि कोठीच्या बागेतल्या तुलारामला फावडे घेऊन सोबत नेले. कोठी म्हणजे जुन्या मालगुजाराचा नदीकाठचा बंगला. भोवती आंबराई होती आणि मागची जमीन पार नदीपर्यंत उतरत गेलेली. तुलाराम तिथल्या माळ्याचा मुलगा, तेव्हा जेमतेम विशीतला. तासाभराने यादोराव परत आले, विहिरीवर हात धुतले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"विचारू नको," सासू म्हणाली. "त्याले बी नको आन् कोणाले बी नको."

शकुनबाईंनी विचारले नाही. त्या रात्रीची नोंद होती, 'कुंदा गेली. गवळ्याला उद्यापासून पावशेर दूध कमी सांगितले.'

जागा त्यांना कोणी सांगितली नाही, तरी कूस पुन्हा उघडली नाही. सासू गेली, सासरे गेले. दोघांचे घर दोघांचेच राहिले.

गोंदिया जिल्हा वेगळा निघाला त्याच वर्षी यादोराव निवृत्त झाले. "जिल्हा अर्धा झाला न् आपला पगारही," असे ते भेटेल त्याला सांगत. रिकाम्या माणसाने चालावे असे डॉक्टर म्हणाले, आणि पहिल्या दिवशी दारात चपला घालताना यादोराव म्हणाले, "चाला, तुमीही. का तुमच्या कॉन्व्हेंटात पाय उचलाले शिकवतच नव्हते?"

अशी ती संध्याकाळची वाट सुरू झाली. तिला तेव्हा नाव नव्हते. घरून घाटावर जायचे, घाटावरून मुलांच्या बगीचातून मिशनच्या जुन्या बंगल्यामागे, तिथून कुंपणाच्या फटीतून कोठीच्या आंबराईत. तुलाराम आता बापाच्या जागी माळी होता. मालक नागपूरला राहत, त्यामुळे त्याला विचारणारे कोणी नव्हते. तो फटीतली काटेरी फांदी बाजूला करी आणि म्हणे, "या साहेब, सरकारी गस्त आली." आंबराई संपते तिथे मोहाचे एक मोठे झाड होते. तिथे पोचले की यादोराव थांबत, एका हाताने खोड धरत, खाली वाकत आणि चपलेतला खडा झटकत. मग परत फिरत.

पहिल्या महिन्यात शकुनबाईंना त्यात काही वाटले नाही. मग एके दिवशी वाटले, की रोज त्याच झाडाशी चपलेत खडा कसा जातो?

ही जागा. एवढ्या वर्षांनी ह्यांनी आपल्याला इथे आणले, बोलायचे नाही म्हणून बोलले नाहीत, पण आणले. यादोराव वाकत, तेव्हा त्या त्यांच्या चपलेकडे बघत राहत, चपलेखालच्या मातीकडे. चैत्रात झाडाखाली मोहफुलांचा सडा पडे. त्यातले एक फूल उचलून त्या मुठीत धरत आणि घरी पोचेपर्यंत मूठ उघडत नसत. वहीत लिहीत, 'कोठीपर्यंत चाललो. हवा बरी.'

असे कितीतरी चैत्र गेले. माहेरच्या लग्नालाही त्या एका मुक्कामाहून जास्त राहत नसत. "घरी काय लेकरू रडून राह्यलं काय तुझं?" असे भावजय एकदा बोलून गेली आणि मग जीभ चावून बसली. शकुनबाई म्हणाल्या, "संध्याकाळी फिरायला जायचं असतं." त्यात खोटे काहीच नव्हते.

पुढे यादोरावांचे पाय दुखू लागले. खाली गोसेच्या धरणात पाणी अडवू लागले आणि भंडाऱ्याची नदी बाराही महिने भरलेली दिसू लागली, त्याच सुमाराची ही गोष्ट. एका संध्याकाळी ते मिशनच्या बंगल्याशीच थांबले. "बस झालं. पुढं नाही जमत." दुसऱ्या दिवशीही तिथूनच फिरले, आणि मग रोजच. शकुनबाईंना वाटले, वय झाले. कधीतरी त्या म्हणत, "मी जाऊन येते पुढे, तुम्ही बसा बाकावर." यादोराव त्यांच्याकडे न बघता म्हणत, "जा." त्या एकट्या मोहापर्यंत जात. परत येत तेव्हा ते बाकावर तसेच बसलेले असत, काठीने मातीत रेघा ओढत.

यादोराव २०१३ च्या श्रावणात गेले. शकुनबाईंची वाट सुटली नाही.

मग नगरपरिषदेने ती वाटच ताब्यात घेतली. कोठी मालकांनी देऊन टाकली होती. घाट, बगीचा, मिशनचा बंगला, कोठी आणि पुढे खांब तलाव, असे सगळे एका पायवाटेने जोडायचे ठरले. पाट्या लागणार होत्या, दिवे लागणार होते. शकुनबाईंना बरेच वाटले. कुंपणाच्या फटीतून वाकून जाणे आता होत नव्हते. पण एका सकाळी त्या बागेत गेल्या, तर चुन्याच्या फक्कीची रेघ आंबराईतून सरळ मोहापर्यंत गेलेली आणि झाडाभोवती मोठे गोल काढलेले. दोन मजूर गोलावर कुदळ टाकायच्या तयारीत.

"थांबा," शकुनबाई म्हणाल्या. मजूर थांबले नाहीत, तेव्हा त्या गोलात जाऊन उभ्या राहिल्या.

कामावरची इंजिनीअर रिता बिसेन धावत आली. पोरगी नवीनच नोकरीला लागलेली, टोपीखालून घाम निथळत होता. "आजी, झाड तोडून नाही राह्यलो आपण. ओटा बांधतो. लोक बसतील, फोटो काढतील."

"ओटा नको. खणू नका इथे."

"पाया तर खणावाच लागन ना."

"म्हणूनच नको."

"काहून पण? वर मले विचारतील, मी काय सांगू? एक आजी गोलात उभी राह्यली म्हणून?"

मजूर हसले. तुलाराम असता तर काही सांगावे लागले नसते, पण तो थंडीभर लेकीकडे लाखनीला गेला होता. शकुनबाईंनी काठी दोन्ही हातांनी धरली. जे सासूला विचारले नव्हते, नवऱ्याशी बोलले नव्हते, ते त्या एका परक्या पोरीला म्हणाल्या, "माझी मुलगी आहे इथे. पाच महिन्यांची."

रिताने मजुरांकडून फक्कीचे घमेले घेतले आणि स्वतः वाकून नवी रेघ मारू लागली. रेघ मोहाला बरेच अंतर ठेवून नदीच्या अंगाने वळली आणि पलीकडे जाऊन जुन्या रेघेला मिळाली. जुना गोल तिने बुटाने पुसून टाकला. "वरच्यायले सांगतो, मुळं आडवी आली," ती म्हणाली. "चहा घेता काय, आजी?"

त्या दिवशी शकुनबाई घरी आल्या त्या अंगावरून ओझे उतरल्यासारख्या. म्हातारपणी आपण एक काम केले. यादोराव असते तर म्हणाले असते, कॉन्व्हेंटचा पैसा वसूल झाला.

आणि आज उद्घाटन झाले. भाषणे संपल्यावर गर्दी बगीचातच रेंगाळली. शकुनबाई हळूहळू पुढे निघाल्या. मोहाची पाने झडली होती, फुले अजून यायची होती. वळणावरच्या नव्या बाकावर तुलाराम बसला होता, लाखनीहून कालच आलेला. त्यांना बघून तो उठला.

"या बाई, सरकारी गस्त आली. आता तं खरंच सरकारी झाली." त्याने मोहाकडे बोट केले. तिथे दोन पोरी फोनसमोर माना वाकड्या करून उभ्या होत्या. "सकाळपासून जो येते तो मोहासंग फोटो काढून राह्यला. मोहाले वाटत असन, आपलं लगनच लागलं."

शकुनबाई हसल्या. बाकावर बसल्या, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "तुलाराम, तू नव्हतास, पण मी राखण केली. कुदळ लागू दिली नाही."

"कशाची राखण, बाई?"

"कुंदाची."

तुलारामला खोटे बोलणे जमले असते तर तो तेव्हा बोलला असता. पण तो नुसता मोहाकडे आणि मग शकुनबाईंकडे बघत राहिला.

"मोहाखाली?" तो म्हणाला. "नाई वो बाई. मोहाखाली नाई."

"हे रोज तिथे थांबत. चप्पल झटकत."

"थांबत ना. वाकत बी." तुलाराम बाकाच्या कडेवर बसला. बोलावे की नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होते, पण निम्मे बोलून झाले होते. "मोहापाशी वाकलं की फांद्यायखालून पलीकडचा उतार दिसे. करंजीचं झाड होतं ना नदीकडं, त्याच्या बुडाशी. साहेब तिकडं पाहत. तुमच्या समोर उभं राहून कसं पाहतीन? म्हणून चपल."

शकुनबाईंनी मान वळवली. मोहाच्या पलीकडे जमीन जराशी उतरत होती आणि मग पाणीच पाणी होते, काठोकाठ, पार पलीकडच्या थडीपर्यंत. त्यावर एक नाव चालली होती आणि नावेत शेंदरी जॅकिटे घातलेली माणसे हात हलवत होती.

"करंजी कुठे आहे?"

"गेलं ना बाई. गोसेचं पाणी चढलं, तवाच." तुलाराम हळू आवाजात म्हणाला. "साहेब आले होते एकडाव, सकाळीच, एकटे. तवा पाणी करंजीच्या बुडाशी लागलं होतं. मी म्हटलं, साहेब, काढून वर आणू काय? तं म्हणे, इतक्या वर्साचं काय राह्यलं असन, तुलाराम. राहू दे. मंग मले म्हणे, बाईले बोलू नको. त्याच्यानंतर ते इकडं आलेच नाई."

पोरींचे फोटो काढून झाले होते. त्या वळणावरून पुढे गेल्या, आणि एक दुसरीला म्हणाली, "रस्ता इथं उगाच वाकडा केला ना?"

शकुनबाई बसून राहिल्या. इतकी वर्षे त्या चपलेकडे बघत होत्या. एकदा, फक्त एकदा, मान वर करून त्या माणसाचे डोळे कुठे लागलेत ते बघितले असते, तर दोघांनी मिळून तिकडे बघितले असते. आणि मिशनच्या बाकावर तो मातीत रेघा ओढत बसला होता, ती बुडाल्याचे मनात एकट्याने धरून. "मी जाऊन येते," असे आपण त्याला सांगत होतो. तो "जा" म्हणत होता.

"चुकलं माझं, बाई," तुलाराम म्हणाला. "बोलाले नव्हतं पाहिजे."

"नाही रे," त्या म्हणाल्या. त्याच्या हाताचा आधार घेऊन त्या उठल्या. मोहाजवळ गेल्या नाहीत. वळणावरून, नदीच्या अंगाने, जितके पाण्याजवळ जाता येत होते तितक्या जाऊन कठड्याला धरून उभ्या राहिल्या. ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. तुलारामने त्याला हाताने थांब म्हटले.

दिवेलागणीला गल्लीतून नगरपरिषदेची गाडी भोंग्यावर नळाची सूचना देत फिरून गेली. शकुनबाई टेबलाशी परत आल्या, आधीच्या नोंदीखाली बोट ठेवून बराच वेळ बसल्या. मग पेन उचलले आणि शेवटची ओळ लिहिली.

'उद्या नळ येणार नाही. दोन गुंड पाणी भरून ठेवले.'