बोटाले समजते

शेगावच्या माझ्या फोटो स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर बंद पडला की तो दुरुस्तीला यायचा. आधी चपला काढायचा, मग खिडकीचे लोखंडी गज धरून अंगातला करंट उतरवायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, हा यंत्राच्या पाया पडतो. मेमरीची पट्टी उपसताना तर डोळेच मिटून घ्यायचा. विचारलं की म्हणायचा, "डोयानं काय दिसते भाऊ, बोटाले समजते."

त्या दिवशी पट्टी अडकली. तिला धरून ठेवणारी प्लास्टिकची खिट्टी धुळीनं घट्ट बसली होती. डोळे मिटून तो अंगठ्यानं ती दाबत राहिला. "येऊन राह्यली, येऊन राह्यली," असं पुटपुटत होता. मला मात्र खालच्या हिरव्या बोर्डावर लाल थेंब दिसले. कॉम्प्युटरच्या डब्याच्या पत्र्यानं त्याचा अंगठा चांगलाच चिरला होता.

"भाऊ, रक्त येऊन राह्यलं," मी म्हणालो.

"कोनाले?" डोळे न उघडताच त्यानं विचारलं.

मी त्याचं मनगट धरलं. शेवटी त्यानं डोळे उघडले. अंगठा उजेडात धरला, चिरेवर नख दाबलं, मग आणखी जोरात दाबलं.

"शुगरनं पाय सुन्न झाले होते," तो हळू म्हणाला. "हाताचं मले समजलंच नाई."

आधी त्यानं बोर्ड पुसला, मग अंगठा. पट्टी निघाली, खोडरबरानं घासून पुन्हा बसली, कॉम्प्युटर सुरू झाला.

नंतरही तो येत राहिला. चपला काढायचा, गज धरायचा. पट्टी उपसताना मात्र डोळे सताड उघडे असायचे, आणि नजर पट्टीवर नाही, अंगठ्यावर असायची.