बाईंनी रिकामी ठेवलेली ओळ

साळवे बाई मोठ्याने वाचल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करत नसत. मनातल्या मनात वाचणं त्यांना मान्यच नव्हतं. गॅसची टाकी घेऊन येणारा गणपत पावती पुढे करायचा आणि बाई अंगणात उभ्या राहून, चष्मा पुसून, ती पावती पहिल्या शब्दापासून वाचायला लागायच्या. गणपत वैतागायचा. "बाई, लई टाक्या वाटायच्यात आजून. करा की सही!" त्यावर बाई शांतपणे म्हणायच्या, "मग शेजारी टाकून ये. तोवर माझं वाचून होतंय." बेलापूरच्या पोस्टात तर एकदा त्यांनी खिडकीशीच अख्खा फॉर्म वाचायला घेतला. मागे रांगेतली एक बाई म्हणाली, "आज पोथी लावली का काय हिनं?" सगळे हसले. बाईही हसल्या आणि पुढची ओळ वाचू लागल्या.

त्यांचं म्हणणं असं, की सही म्हणजे साक्ष. "डोळ्यांनी वाचलेलं निसटतं रे. कानावर पडलं की मग कळतं आपण काय कबूल करतोय." त्या चर्चला जाणाऱ्या, दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या. बायबलातल्या दहा आज्ञांमधली नववी, 'खोटी साक्ष देऊ नको', त्यांना सगळ्यांत महत्त्वाची वाटे. आम्ही पोरं बहुतेक हिंदू घरांतली, पण गावातल्या मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत बाईंच्याच हाताखाली शिकलो. बाकीच्या आज्ञा विसरल्या असतील, ती एक मात्र आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. मलासुद्धा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

चौथीत मला गणितात सोळा मार्क पडले होते. माझे वडील अंगठा उठवणारे. मी प्रगतिपुस्तक त्यांच्यासमोर धरलं, साठ मार्क म्हणून वाचून दाखवलं आणि अंगठा घेतला. वडिलांनी खुशीत गावात चार लोकांना सांगितलं, ते फिरत फिरत बाईंच्या कानावर गेलं. संध्याकाळी बाई आमच्या अंगणात हजर. वडिलांनी खाट टाकली, त्या बसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "काढ पुस्तक. वाच." मी वाचायला लागलो, गणितापाशी आलो आणि गप्प झालो. बाई एवढंच म्हणाल्या, "पुढं." मी सोळा म्हणालो. मारलं त्यांनी नाही, वडिलांनीही नाही. जाताना मला फाटकापाशी बोलावून बाई म्हणाल्या, "ज्याला वाचता येत नाही, त्याला खोटं वाचून दाखवतोस? तुला अक्षर मी शिकवलं, सुधीर. ते माझ्याही अंगावर आलं."

पुढे मी शिकलो, श्रीरामपूरला एका बँकेत कर्जाच्या टेबलावर लागलो. त्या बँकेत मी आता नाही. तिचं नाव सांगून उपयोग नाही. जे केलं ते माझ्या हातानं केलं.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेची खोली सोडावी लागली. नवरा केव्हाच गेलेला. घरात मुलगी एस्तेर, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पोलिओनं एक पाय गेलेला, शिवणकाम करणारी. बाईंनी गावात दोन खोल्यांचं घर घ्यायचं ठरवलं आणि तेच घर तारण ठेवून, पेन्शनमधून फेडायचं कर्ज मागायला माझ्याकडे आल्या. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी टेबलावरची माझ्या नावाची पाटी मोठ्यानं वाचली. आमचे मॅनेजर उठून उभे राहिले. मला फार अभिमान वाटला.

"मला एकच पाहिजे," बाई म्हणाल्या. "मी गेल्यावर एस्तेरला कुणी घराबाहेर काढू नये."

हे वाक्य मी धरून ठेवलं. महिनाअखेर होती, विम्याचं टार्गेट माझ्या एकट्याचं राहिलं होतं आणि मॅनेजर सकाळपासून मागे लागले होते. मी म्हणालो, "बाई, कर्जाबरोबर विमा घ्यावा लागतो. नाहीतर मंजूर होत नाही. तुम्हाला काही झालं तर विमा कर्ज फेडील, घर एस्तेरचं." पहिली दोन वाक्यं धडधडीत खोटी. विमा घ्यायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर असतं. तिसरं वाक्य खरं होऊ शकलं असतं, पण तेही मीच खोटं करून ठेवलं.

कारण त्या गठ्ठ्यात प्रकृतीची माहिती सांगणारं एक पान होतं. हृदयविकार आहे का, ऑपरेशन झालं आहे का, असे प्रश्न. आदल्या वर्षी बाईंच्या हृदयात नगरच्या दवाखान्यात दोन स्टेंट बसवले होते. मी स्वतः केळी घेऊन भेटायला गेलो होतो. 'होय' लिहिलं की तपासणी लागणार, प्रकरण लांबणार, महिना हातचा जाणार. मी सगळीकडे 'नाही' वर खूण केली, विचारलंसुद्धा नाही. मग जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलीनं फुल्या मारल्या आणि गठ्ठा बाईंपुढे सरकवला.

बाईंनी चष्मा पुसला. पहिलं पान वाचायला सुरुवात केली, नेहमीच्या आवाजात. इंग्रजी अडखळत होतं पण चाललं होतं. पलीकडच्या काउंटरवरचे लोक बघायला लागले. मला लाज वाटली. मी खाली वाकून म्हणालो, "बाई, किती पानं आहेत बघा. मी वाचलंय ना सगळं."

"तू वाचलंयस?"

"हो, बाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पान मिटलं. "मग ठीक आहे. वर्गात शिकवलेलं पोर, त्याची वही आता मी कशाला तपासू?" आणि माझ्या फुल्यांवर एकेक सही केली. आयुष्यात न वाचता केलेल्या त्यांच्या सह्या तेवढ्याच. बाहेर रिक्षापर्यंत सोडायला मी गेलो, तर म्हणाल्या, "तुझे वडील असते तर हे बघून सुखावले असते."

विम्याची पुस्तिका पोस्टानं आली तेव्हा विमा नको असल्यास परत करायची मुदतही कागदोपत्री सरून गेली होती. बाईंनी ती वाचायला घेतली, शब्दकोश जवळ घेऊन, दोन दिवस. एस्तेर मशीन चालवता चालवता ऐकत होती. शेवटी प्रकृतीचं पान आलं. एस्तेर सांगते, तिथे आई थांबली, परत वाचलं, आणि पुस्तिका मिटून पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या टेबलासमोर. पुस्तिका उघडून त्या पानावर बोट. "हे कुणी लिहिलं?"

"बाई, ते सिस्टीममध्ये आपोआप येतं."

"आपोआप," बाई म्हणाल्या. "पेन्सिलीच्या फुल्याही आपोआप आल्या का?"

मी समोरचे कागद सारखे करायला लागलो. बाई म्हणाल्या, "हे खरं लिहून दुरुस्त कर, नाहीतर विमा रद्द करून पैसे परत दे. मी मेले आणि ते आले तपासायला, तर म्हणतील बाईनं आजार लपवला. एस्तेर घराबाहेर जाईल आणि वर मी लबाड ठरीन."

मी म्हणालो, बघतो. बघितलं काहीच नाही. मग बाईंनी शाखेत लेखी तक्रार दिली, पुढे मुख्य कार्यालयाला पाठवली. प्रत्येक अर्ज स्वच्छ अक्षरात, प्रत्येकाची पोच घेतलेली. माझं नाव एकाही अर्जात नव्हतं, 'आपल्या शाखेतील कर्मचारी' एवढंच. मुख्य कार्यालयानं शाखेकडे खुलासा मागितला. मॅनेजरनी एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे ठेवला. "सुधीर, तुझी नोकरी वाचवायचं बघतोय. कर सही." मी सही केली, न वाचता. आत काय आहे ते मला माहीत होतं: ग्राहकाने आपणास कोणताही आजार नसल्याचे स्वतः सांगितले. त्या कागदाच्या जोरावर तक्रार निकालात निघाली.

उत्तराचं पत्र बाईंना गेलं. त्यांनी ते अंगणात वाचलं असणार, मोठ्यानं. खाली जोडपत्र होतं, माझ्या सहीचं. त्यानंतर आमची एकदाच गाठ पडली, बेलापूरच्या बाजारात. मी दुसऱ्या बाजूला वळणार, तेवढ्यात त्यांनी हाक मारली. "सुधीर, जेवतोस ना वेळेवर? खराब झालायस." एवढंच बोलून त्या मेथीची जुडी निवडायला लागल्या. त्यांनी चार लोकांत माझ्या कानफटात मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या लोकपालाकडे द्यायचा अर्ज बाई लिहीत होत्या, तेव्हाच त्या गेल्या. रविवारी सकाळी, चर्चला जायला निघताना, उंबऱ्यातच. मातीला अख्खा गाव होता, गणपतही होता. मी मागे लिंबाखाली उभा राहिलो. मूठभर माती टाकायला पुढे जायची हिंमत झाली नाही.

पुढचं बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. विमा कंपनीनं दावा फेटाळला: आजार लपवला. पेन्शन थांबली, हप्ते थकले आणि बँकेनं घराच्या दारावर जप्तीची नोटीस चिकटवली. ती चिकटवायला आमच्याच शाखेतला माणूस गेला.

आठवड्यानं एस्तेर रिक्षा करून माझ्या घरी आली. पूर्वी मला दादा म्हणायची. आज नुसतंच म्हणाली, "चल." मी विचारलं नाही कुठे. तिच्या अंगणात मशीनच्या टेबलावर लोकपालाचा अर्ज होता. बाईंनी लिहिलेला मजकूर एस्तेरनं वारस म्हणून आपल्या नावानं उतरवून काढला होता. सगळं भरलेलं. फक्त एक ओळ रिकामी: चुकीची माहिती देणाऱ्याचं नाव आणि हुद्दा.

"बाईंना नाव माहीत होतं की," मी म्हणालो.

बाईंनी गावभर शुद्ध बोलणं शिकवलं, पण लेक गावासारखंच बोलायची. "माहीत हुतं. मी म्हनले, लिही. तर आई म्हनली, ऱ्हाऊ दे. ज्याची वळ हाय त्यो भरंल. मी म्हनले, न्हाई भरला तर? तर म्हनली, भरंल."

मी ओळ भरली. मग वेगळ्या कागदावर सगळं लिहिलं: विमा सक्तीचा नव्हता, आजार मला माहीत होता, खुणा मी केल्या, नंतरचा खुलासा खोटा. नोकरी जाणार हे लिहितानाच कळत होतं आणि त्याची भीती वाटत होती, हे लपवत नाही. सही करायला पेन टेकवलं, तर एस्तेर म्हणाली, "वाच."

मी वाचायला लागलो. 'त्यांच्या आजाराची मला पूर्ण कल्पना होती' इथे आलो आणि थांबलो.

"पुढं," एस्तेर म्हणाली.

मी शेवटपर्यंत वाचलं आणि पुन्हा पेन उचललं. एस्तेरनं कागद माझ्या हाताखालून काढून घेतला. "तू वाचलंय म्हनला हुतास, त्ये आईनं बी ऐकलं हुतं," ती म्हणाली. "आता मी वाचते." आणि भिंतीला टेकून उभी राहून तिनं माझा कागद पहिल्या शब्दापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दारावरची नोटीस तिच्या बाजूलाच होती. मी हातात पेन घेऊन, तिचं वाचून होईपर्यंत, उभा राहिलो.